लिनक्स व्हीएममध्ये गेस्ट टूल्स टाकताना या चुका टाळा

"मामा, सांगितलं होतंस तसंच सगळं केलं, तरी स्क्रीन एवढीशीच!" असं म्हणत भाचीनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. ती नऱ्ह्यात कॉट बेसिसवर राहते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलसाठी कॉलेजनं व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या आत दुसरा आभासी संगणक (व्हीएम) चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उबुंटू हे लिनक्स घ्यायला सांगितलं होतं. विंडो पूर्ण मोठी केली तरी उबुंटूचा डेस्कटॉप मधोमध, ताटातल्या वाटीएवढा, आणि चारी बाजूंना काळं. विंडोजमधून कॉपी केलेलं आत पेस्ट होत नव्हतं, म्हणून बिचारी मोबाइलवर बघून एकेक अक्षर टाइप करत होती.

टर्मिनल वर सरकवून पाहिलं. उत्तर तिथंच होतं: ही सिस्टिम कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसणारा तुकडा) बांधायला तयार नाही, जीसीसी, मेक आणि पर्ल ही पॅकेजं टाका. पण त्या ओळीच्या खाली आणखी चार ओळी आल्या होत्या, लाल रंगात काही नव्हतं, त्यामुळे तिला वाटलं काम झालं. कोथरूडच्या आमच्या घरी रविवारी असे तीन-चार लॅपटॉप तरी येतात आणि बहुतेकांची गोष्ट हीच असते. इन्स्टॉलर शेवटपर्यंत धावला म्हणजे टूल्स बसली असं नाही. गेस्ट टूल्स म्हणजे स्क्रीन, क्लिपबोर्ड, शेअर्ड फोल्डर नीट चालावेत म्हणून व्हीएमच्या आत टाकायचे प्रोग्रॅम. हा होस्ट (बाहेरची, व्हीएम चालवणारी बाजू) आणि गेस्ट (आतली सिस्टिम) या दोघांमधला व्यवहार आहे. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय पुढची कमांड मारू नका.

पहिली चूक: खाली कोण आहे ते न बघता टूल्स टाकणं

इंटरनेटवर जी पहिली रेसिपी सापडेल ती चिकटवायची, ही सवय इथं महागात पडते. प्रत्येक होस्टची टूल्स वेगळी असतात. ओरॅकलच्या व्हर्च्युअलबॉक्सला गेस्ट अ‍ॅडिशन्स लागतात. व्हीएमवेअरसाठी ओपन-व्हीएम-टूल्स हे पॅकेज, आणि डेस्कटॉप असेल तर त्याच्या जोडीला ओपन-व्हीएम-टूल्स-डेस्कटॉप. हे दुसरं विसरलं की मशीन नीट बंद होतं, पण स्क्रीनचा आकार बदलत नाही. केव्हीएम किंवा प्रॉक्समॉक्सवर (सर्व्हरवर व्हीएम चालवायच्या लिनक्सवरच्या व्यवस्था) क्यूईएमयू-गेस्ट-एजंट, क्लिपबोर्ड हवा असेल तर स्पाइस-व्हीडीएजंट. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचे ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच आहेत, वर फक्त छोट्या डीमनचं (मागे चालत राहणाऱ्या प्रोग्रॅमचं) पॅकेज लागतं.

कंपनीच्या सर्व्हरवर एखादं व्हीएम हातात आलं आणि खाली काय आहे ते कुणालाच आठवत नसेल, तर सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट ही कमांड द्या. ती एका शब्दात सांगते: ओरॅकल, व्हीएमवेअर, केव्हीएम, मायक्रोसॉफ्ट किंवा झेन. दोन सेकंदांचं काम आहे. मी एका व्हीएमवर एकाच वेळी तीन होस्टची टूल्स टाकलेली पाहिली आहेत, "कुठलं तरी चालेल" म्हणून.

दुसरी चूक: चालू कर्नल एक, हेडर्स दुसऱ्याचे

ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात कमी समजून घेतलेली चूक, म्हणून इथं जरा थांबतो.

गेस्ट अ‍ॅडिशन्सचा एक भाग कर्नलच्या आत बसतो. तो तिथल्या तिथं कंपाइल होतो आणि ज्या कर्नलसाठी बांधला त्याच कर्नलवर चालतो. त्यासाठी कंपायलर लागतो, आणि नेमके त्याच कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधताना कंपायलर वाचतो त्या कर्नलच्या फाइली) लागतात. उबुंटूत हेडर्स बहुधा कर्नलसोबतच येतात, राहतात ते जीसीसी आणि मेक. बिल्ड-इसेन्शियल टाकलं की ते मिटतं. डेबियनमध्ये हेडर्स आपण आणावे लागतात. फेडोरात वेगळाच फास आहे. कर्नल-डेव्हेल मागितलं की सगळ्यात नवीन आवृत्तीचं येतं, मशीन मात्र जुन्या कर्नलवर चालू असतं. दोन्ही गोष्टी डिस्कवर हजर, पण एकमेकांच्या नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी सिस्टिम पूर्ण अपडेट करा, मग रीस्टार्ट, मग युनेम -आर देऊन चालू कर्नलचा आकडा बघा, त्याच आकड्याचे हेडर्स आहेत याची खात्री करा, आणि मगच इन्स्टॉलर चालवा.

एवढं करूनही पुढे गोष्ट बिघडू शकते, ती कशी ते ऐका. पेठेतल्या एका लहान ऑफिसात मी डेबियनचं व्हीएम लावून दिलं होतं. हेडर्स टाकताना मी त्या दिवशीच्या कर्नलचा पूर्ण आकडा देऊन टाकले. सगळं उत्तम चाललं. दरम्यान आपोआप होणाऱ्या सुरक्षा अपडेट्सनी रात्रीत नवीन कर्नल आणून ठेवला, पण मशीन रीस्टार्ट झालंच नाही, त्यामुळे जुनाच चालू राहिला. मग आला गुरुवार. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा वार, कधी पाणी नाही तर कधी लाइट नाही. लाइट गेली, यूपीएसची बॅटरी दमली, दुपारी सगळं परत सुरू झालं तेव्हा व्हीएम नव्या कर्नलवर उठलं. हेडर्स जुन्याचे, शेअर्ड फोल्डर गायब, आणि तिथल्या अकाउंटंट काकू फोनवर: "अहो, कालपर्यंत तर होतं हो इथं!" त्यांना वाटलं लाइटनं डिस्क गेली. डिस्कला काही झालं नव्हतं. अपडेट होऊन आठवडे लोटले होते, गुरुवारनं फक्त ते उघडं पाडलं.

त्यावर इलाज सोपा आहे. आकडा देऊन हेडर्स टाकू नका, मेटा-पॅकेज टाका. डेबियनवर लिनक्स-हेडर्स-एएमडी64, उबुंटूवर लिनक्स-हेडर्स-जेनेरिक किंवा तुमच्या कर्नलच्या प्रकाराला जुळणारं. म्हणजे कर्नल पुढे सरकला की हेडर्सही त्याच्यामागे येतात. तोवर अडलंच असेल तर हेडर्स आणून रूटच्या अधिकारानं आरसीव्हीबॉक्सअ‍ॅड सेटअप चालवा, मॉड्यूल पुन्हा बांधलं जातं.

हेडर्स बरोबर असूनही कंपाइल फसलं, तर दोन कारणं आधी बघा. एक, कर्नल नवा आणि व्हर्च्युअलबॉक्स जुना. कर्नलच्या आतल्या गोष्टी बदलत राहतात, जुन्या अ‍ॅडिशन्सना त्या माहीत नसतात. तेव्हा होस्टवरचं व्हर्च्युअलबॉक्स अपडेट करून त्याची नवीन सीडी इमेज लावायची, गेस्टमध्ये कितीही झटापट करून उपयोग नाही. दुसरं कारण कंपायलरचं. उबुंटू 22.04 वर नंतर 6.5 कर्नल आला, तो जीसीसी 12 नं बांधलेला होता आणि त्या उबुंटूचा नेहमीचा जीसीसी 11. परिणामी न ओळखीचा पर्याय दिल्याची तक्रार करून बांधणी बंद पडायची. जीसीसी-12 टाकलं की मार्ग मोकळा. हे सगळं लॉगमध्ये लिहिलेलं असतं: व्हारमधल्या लॉग फोल्डरात व्हीबॉक्सअ‍ॅड-सेटअप.लॉग ही फाइल. मदत मागायला याल तेव्हा स्क्रीनचा फोटो नको, ही फाइल आणा.

तिसरी चूक: पॅकेजही आणि सीडीही

उबुंटूच्या भांडारात व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-युटिल्स आणि व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-एक्स11 ही पॅकेजं तयार मिळतात. मेन्यूतून लावायची सीडीही असते. एक चाललं नाही म्हणून दुसरं वरून टाकलं की दोघांच्या फाइली एकमेकांत गुंततात. काहीतरी एक निवडा. माझं मत विचाराल तर व्हर्च्युअलबॉक्सला सीडी, कारण तिची आवृत्ती होस्टशी जुळते. व्हीएमवेअरला मात्र तुमच्या लिनक्सच्या भांडारातलं ओपन-व्हीएम-टूल्सच, जुनं टार पॅकेज शोधत बसू नका. आधी काही टाकलेलं असेल तर ते काढून टाका, रीस्टार्ट करा, मग नव्यानं.

सीडी लावली आणि चालवताना परवानगी नाकारली असं आलं, तर फाइल बिघडलेली नसते. काही सिस्टिम सीडीवरून थेट प्रोग्रॅम चालवू देत नाहीत. सुडो एसएच लिहून पुढे त्या रन फाइलचं नाव द्या.

सिक्युअर बूट

मॉड्यूल व्यवस्थित बांधलं गेलं, पण लोड होताना किल्ली नाकारली गेल्याचा संदेश आला, तर व्हीएमच्या सेटिंगमध्ये सिक्युअर बूट चालू आहे. सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. प्रॅक्टिकलपुरतं व्हीएम असेल तर व्हीएमचं सिक्युअर बूट बंद करा. लॅपटॉपचं नव्हे, हे पुन्हा सांगतो, कारण एका मुलानं लॅपटॉपचंच बंद केलं आणि विंडोज बिटलॉकरची (डिस्कच्या कुलुपाची) किल्ली मागत बसलं. कामाच्या मशीनवर मॉड्यूलला सही करून ती किल्ली नोंदवा. रीस्टार्टच्या वेळी ही नोंदणी करायची निळी स्क्रीन काही सेकंदच थांबते. तेवढ्यात कुठलंही बटण दाबलं नाही तर नोंदणी राहून जाते.

टूल्स बसली, तरी क्लिपबोर्ड नाही?

भाचीच्या लॅपटॉपवर मॉड्यूल बसलं, स्क्रीन पसरली, पेस्ट मात्र होईना. व्हर्च्युअलबॉक्समध्ये शेअर्ड क्लिपबोर्ड मुळात बंद असतो. डिव्हायसेस मेन्यूत जाऊन तो दोन्ही बाजूंनी चालू करावा लागतो. तरीही अडलं तर वेलँडचा, म्हणजे डेस्कटॉप स्क्रीनवर दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेचा, संशय घ्या. उबुंटू 24.04 मध्ये लॉगिनच्या वेळी खालच्या कोपऱ्यातल्या गिअरवर क्लिक करून जुनी व्यवस्था, झॉर्ग, निवडता येते. स्क्रीन पसरत नसेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए आहे ना, ते बघा.

शेअर्ड फोल्डर दिसतो पण उघडत नाही, याचं कारण जवळपास नेहमी एकच: तुमचा युजर व्हीबॉक्सएसएफ या ग्रुपमध्ये नाही. त्यात घाला आणि लॉगआउट करून परत या. नुसतं टर्मिनल बंद-चालू करून भागत नाही. सगळ्या फाइलींना सगळ्या परवानग्या देऊन टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

सर्व्हरवरची चूक, जी बॅकअपच्या दिवशी कळते

प्रॉक्समॉक्सवाल्यांनी हे नीट वाचावं. क्यूईएमयू गेस्ट एजंट दोन ठिकाणी लागतो: गेस्टमध्ये पॅकेज आणि प्रॉक्समॉक्सच्या ऑप्शन्समध्ये टिक. नुसतं पॅकेज टाकलं तर त्याला बोलायला वाहिनीच नसते. नुसती टिक केली तर प्रॉक्समॉक्स एजंटला शटडाउन सांगतं, तिकडून उत्तर येत नाही, आणि वाट बघून काम फसतं. टिक केल्यावर गेस्टच्या आतून रीबूट करून पुरत नाही, व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावं लागतं, तेव्हाच नवीन डिव्हाइस जोडलं जातं. सर्व्हिस एनेबल करताना इन्स्टॉलेशनची माहिती नाही असा संदेश आला तर घाबरू नका, डिव्हाइस दिसलं की ती आपोआप सुरू होते.

एजंटची खरी किंमत बॅकअपला आहे. बॅकअप सुरू होताना तो फाइलसिस्टिम क्षणभर गोठवतो, लिहायचं राहिलेलं डिस्कवर उतरतं, मग प्रत घेतली जाते. एजंट नसेल तर बॅकअप होतोच, हिरवी खूणही येते, पण ती प्रत म्हणजे चालू मशीनची लाइट गेल्यासारखी अवस्था. डेटाबेस त्यातून उठेलच असं नाही. म्हणून होस्टवर क्यूएम एजंट, व्हीएमचा नंबर आणि पिंग एवढी कमांड द्या. ती काहीही न बोलता परत आली तर एजंट जिवंत आहे. मग बॅकअपचा लॉग उघडून त्यात एफएस-फ्रीझ आणि एफएस-थॉ या दोन ओळी आहेत का ते शोधा.