निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना व्हीआरएस: अर्जावर सही करण्याआधी काय काय बघायचं

संभाजीनगरची वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा नाहीतर जालन्याची एमआयडीसी. गेटजवळच्या बोर्डावर व्हीआरएसचं (स्वेच्छानिवृत्ती योजनेचं) परिपत्रक लागलं की कँटीनमध्ये एकच प्रश्न असतो, ‘किती बसतात?’ पंचेचाळिशीतल्या माणसाला तो प्रश्न पुरतो. छप्पनच्या आसपास असाल तर आकड्याआधी महिने मोजायचे. निवृत्ती जितकी जवळ, तितकी ही योजना तुमच्यासाठी आक्रसत जाते. त्याचं कारण परिपत्रकातल्याच एका ओळीत असतं.

आधी ती ओळ शोधा. बहुतेक योजनांमध्ये दोन हिशेब दिलेले असतात: पूर्ण केलेल्या दर वर्षामागे अमुक दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यातलं जे कमी असेल ते. शिवाय ‘पगार’ म्हणजे इथे बहुधा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता). घरभाडं, प्रवास, धुलाई असले भत्ते त्यात येत नाहीत. आणि निवृत्तीचं वय 58 की 60, हे कंपनीच्या स्थायी आदेशात किंवा नेमणूकपत्रात स्वतः वाचा. कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

आता कागद-पेन घेऊन बसा. समजा वय 55 वर्षं 10 महिने आहे, निवृत्ती 58 ला, म्हणजे 26 महिने उरले. नोकरी 29 वर्षं. बेसिक-डीए 32,000, एकूण पगार 46,000. योजना वर्षामागे 45 दिवसांची. पहिल्या हिशेबाने 13,92,000 होतात आणि सगळे खूश होतात. दुसऱ्या हिशेबाने 32,000 गुणिले 26, म्हणजे 8,32,000. मिळणार ते हेच.

नोकरीत राहिलात तर? पगार 46,000 गुणिले 26, म्हणजे 11,96,000. कंपनीचा 12 टक्के पीएफ (त्यातून पेन्शनला जाणारा भाग धरून) 99,840. ग्रॅच्युइटीत दोन वर्षांची भर, सुमारे 36,900. बेरीज 13,32,000 च्या पुढे. फरक पाच लाखांचा, म्हणजे महिन्याला साधारण 19,000. एकरकमी पैसे लवकर हातात येतात, त्यांचं व्याज दोन वर्षांत लाख-सव्वा लाख धरलं तरी महिन्याला 15,000 च्या आसपास खड्डा राहतो. तेवढं बाहेर कमावता येणार असेल, किंवा तब्येतीला शिफ्ट झेपत नसेल, तर व्हीआरएसचा विचार करावा. नुसतं ‘एकदम पैसे मिळतात’ म्हणून घेऊ नये.

हिशेब उलटा फिरवणारी एक गोष्ट मात्र आहे: कंपनी टिकणार का? प्लांट खरंच बंद पडला तर कायद्याने मिळणारी भरपाई पूर्ण केलेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार एवढीच असते, ग्रॅच्युइटी वेगळी. ऑर्डरी दुसऱ्या प्लांटला गेल्या, मशीन हलवायला लागले, ले-ऑफ (काम नाही म्हणून काही दिवस घरी बसवणं) वारंवार व्हायला लागला, तर 8,32,000 हा आकडा चांगला आहे.

युनियनचा पगारवाढीचा करार बाकी असेल तर थांबून विचारा, आणि लेखी विचारा: करार मागच्या तारखेपासून झाला तर व्हीआरएस घेतलेल्यांना फरक मिळणार का? ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते. बेसिक-डीए फक्त 2,000 ने वाढलं तरी 29 वर्षांच्या नोकरीवर ग्रॅच्युइटी 33,000 रुपयांनी वाढते. (सूत्र: शेवटचा बेसिक-डीए गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं.)

कर. व्हीआरएसच्या रकमेपैकी 5 लाखांपर्यंत करमुक्त, आणि ही सूट आयुष्यात एकदाच. ती मिळायला योजना आयकर नियमांत बसावी लागते: नोकरी 10 वर्षं किंवा वय 40 पूर्ण, रिकामी झालेली जागा पुन्हा भरायची नाही, आणि त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत त्या माणसाला घ्यायचं नाही. म्हणून ‘आज व्हीआरएस घ्या, सोमवारपासून कॉन्ट्रॅक्टवर या’ असं कोणी सांगितलं तर सावध व्हा. सूट धोक्यात येते. पगार मोठा असेल तर सुटण्याची तारीख 31 मार्चच्या पलीकडे मागा, म्हणजे वर्षभराचा पगार आणि ही रक्कम एकाच वर्षात येत नाही.

अर्जाआधी कागद सरळ करा. सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात. आपल्याकडे त्या पिढीच्या कितीतरी जणांची जन्मतारीख मास्तरांनी 1 जून टाकलेली. शाळेच्या दाखल्यावर 1 जून, आधारवर 1 जानेवारी, कंपनीच्या रेकॉर्डला तिसरीच. नावाचंही तसंच: एका कागदावर बाबुराव, दुसऱ्यावर बाबूराव. जन्मतारखेच्या दुरुस्तीसाठीच्या पुराव्यांतून पीएफ कार्यालयाने जानेवारी 2024 मध्ये आधार वगळलं. दाखला किंवा पॅनसारखा कागद जवळ ठेवा. दाखला हरवला असेल तर गावाकडच्या जिल्हा परिषद शाळेतून दुसरी प्रत काढा, आणि ती आत्ताच काढा. पूर्वीच्या कंपन्यांचे पीएफ नंबर एकाच यूएएनखाली (पीएफचा कायमचा नंबर) आणा. पेन्शनला त्या वर्षांची नोकरी धरली जाते आणि कमीत कमी 10 वर्षं भरावी लागतात. पीएफच्या ई-नॉमिनेशनमध्ये (वारसनोंदीत) बायकोचं नाव आहे का, तेही बघा. नाव आणि जन्मतारखेची दुरुस्ती बहुतेकदा कंपनीच्या लॉगिनमधून मंजूर व्हावी लागते. नोकरीत असताना एचआरकडे चकरा मारणं सोपं, सुटल्यावर अवघड.

कामगार पतपेढीचा उताराही काढा. तुमचं कर्ज तर हिशेबातून कापलं जाईलच, पण तुम्ही कोणाला जामीन आहात का? जामीनदार बदलल्याशिवाय पतपेढी नो ड्यूज (काही देणं नसल्याचा दाखला) देत नाही, आणि नो ड्यूज नाही म्हणून फुल अँड फायनल (कंपनीचा शेवटचा हिशेब) अडतं. ज्या मित्राला जामीन आहात त्याला दुसरा जामीनदार द्यायला आजच सांगा.

अर्जात ‘राजीनामा’ हा शब्द लिहू नका. एचआरने छापील नमुना पुढे केला आणि त्यात ‘वैयक्तिक कारणामुळे राजीनामा’ असेल, तर सही करू नका. ‘अमुक तारखेच्या परिपत्रकातील स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली अर्ज’ असं लिहा, परिपत्रकाची प्रत जोडा, पोच घ्या. साधा राजीनामा दिलात तर करसूट मागताना आणि पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत खातं काढताना तुमच्याकडे दाखवायला काही राहत नाही. स्वीकृतीपत्रात रक्कम, सुटण्याची तारीख आणि पैसे किती दिवसांत मिळणार, या तिन्ही गोष्टी हव्यात.

शेवटच्या दिवशी हातात काय असावं: स्वीकृतीपत्र, हिशेबाचा तक्ता, अनुभवपत्र, आणि निवृत्तीलाभांचा तपशील असलेलं कंपनीचं प्रमाणपत्र. पीएफच्या पोर्टलवर सुटल्याची तारीख आणि कारण बरोबर चढलंय का, ते मोबाईलवर बघूनच गेटबाहेर या. ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा) किमान 5 वर्षं असाल तर वर्षाला 120 रुपये भरून नवरा-बायकोचा औषधोपचार चालू ठेवता येतो. ही सोय फार थोडे लोक वापरतात. कंपनीचा मेडिक्लेम असेल तर तो वैयक्तिक पॉलिसीत बदलण्याचा अर्ज सुटण्याआधी करा.

पेन्शनची घाई करू नका. ईपीएस पेन्शन (पीएफसोबतची पेन्शन) 50 पासून मागता येते, पण 58 च्या आधीच्या दर वर्षाला 4 टक्के कापले जातात. 5,000 मिळणार असतील आणि 57 ला सुरू केलं, तर 4,800 मिळतील, 58 नंतरही तेवढेच. पीएफ काढा, पेन्शन 58 पर्यंत राहू द्या.

आता पैसे. 55 पूर्ण झालेल्या व्हीआरएसवाल्याला पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 60 च्या आधीही खातं काढता येतं, पण निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून 3 महिन्यांच्या आत. वर सांगितलेलं प्रमाणपत्र इथेच लागतं. मर्यादा 30 लाख. एप्रिल 2023 मध्ये व्याज 8.2 टक्के झालं. त्या दराने 10 लाखांवर तिमाहीला 20,500. खातं काढाल तेव्हाचा दर पोस्टात विचारून घ्या, तोच 5 वर्षं टिकतो.

दोन-तीन टक्के जास्त देणाऱ्या मल्टिस्टेट पतसंस्थेमध्ये एक रुपयाही ठेवू नका. बँकेतल्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्था आणि मल्टिस्टेटला तो नसतो. मराठवाड्यात ठेवीदार कुठे कुठे खेटे घालतायत ते आपण बघतोच आहोत. गावाकडे मोसंबी लावायचा विचार असेल तर नीट पैसे यायला चार-पाच वर्षं लागतात आणि पाणी रोज लागतं; 2012-13 च्या दुष्काळात जालन्याकडच्या भरात आलेल्या बागा वाळल्या. बोअर, ठिबक, रोपं हा खर्च पोस्टातल्या पैशाला हात न लावता भागत असेल तरच करा. पोरांच्या प्लॉटसाठी पैसे द्यायचे असतील तर आधी सातबारा आणि एनएचा (बिनशेतीचा) आदेश बघा, टोकन त्यानंतर.