सीमाभागात मतदारयादीतील आपले नाव कसे तपासावे आणि कसे राखावे

मतदारयादीवरून देशात सध्या जो वाद चालू आहे, त्यात एका बाजूचे म्हणणे असे की, याद्यांमध्ये मृत, स्थलांतरित आणि दुबार नावे साचलेली असल्यामुळे त्या स्वच्छ झाल्याच पाहिजेत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, स्वच्छतेच्या नावाखाली गरिबांचा, अल्पसंख्याकांचा आणि पोटासाठी बाहेरगावी गेलेल्यांचा मताधिकार काढून घेतला जात आहे. बिहारमधील 2025 च्या विशेष सखोल पुनरीक्षणात, म्हणजे घरोघरी पडताळणी करून यादी नव्याने तयार करण्याच्या आयोगाच्या मोहिमेत, प्रारूप यादीतून सुमारे 65 लाख नावे वगळली गेली आणि ती नावे कारणांसह प्रसिद्ध करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 14 ऑगस्ट 2025 रोजी द्यावा लागला. आपल्या कर्नाटकातील उदाहरण आळंदचे आहे. 2023 च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी त्या मतदारसंघात नावे वगळण्यासाठी 6,018 ऑनलाइन अर्ज आले आणि पडताळणीत त्यांपैकी केवळ 24 अर्ज योग्य ठरले. काँग्रेसने यास मतचोरी म्हटले, भाजपने आरोप फेटाळले, आणि निवडणूक आयोगाने सांगितले की तो प्रयत्न फसला होता व गुन्हाही यंत्रणेनेच नोंदवला होता.

बेळगावच्या मतदाराला निवडणूक नियमांवरील वाद नवा नाही. 1996 च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात 456 उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी महाराष्ट्र एकीकरण समितीने शेकडो उमेदवार रिंगणात उतरवले होते. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेसाठी सर्वसाधारण उमेदवाराची अनामत रक्कम 500 रुपयांवरून 10,000 रुपये करण्यात आली. मतपत्रिका आटोक्यात राहावी हा हेतू समजण्यासारखा होता, परंतु निषेध नोंदवण्याची एक वाट त्यामुळे सामान्य माणसासाठी बंद झाली, हेही नाकारता येत नाही. नियम करणाऱ्याला जी शिस्त वाटते, ती नियम सोसणाऱ्याला अडवणूक वाटू शकते. म्हणूनच यादीतील नावाची राखण कोणत्याही पक्षावर सोडून देऊ नये. ती प्रत्येक घराने स्वतः करावी, असे माझे ठाम मत आहे.

मतदार ओळखपत्र कपाटात जपून ठेवले आहे म्हणजे नाव यादीत आहे, असे समजू नये. मत देण्याचा हक्क यादीतील नोंदीमुळे मिळतो, कार्डामुळे नाही. मतदानाच्या दिवशी कार्ड सापडले नाही तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, रोजगार हमीचे जॉबकार्ड किंवा छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक चालते. नोंदच नसेल तर मात्र यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही. त्यामुळे निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर ओळखपत्राचा क्रमांक घालून शोध घ्यावा, अथवा 1950 या क्रमांकावर विचारणा करावी. मिळालेला भाग क्रमांक (मतदान केंद्रानुसार पाडलेल्या यादीच्या भागाचा) आणि त्यातील अनुक्रमांक घरातील सर्वांच्या नावांसह एका वहीत लिहून ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक तक्रारीत पहिला प्रश्न याच दोन आकड्यांचा असतो.

शोधात स्वतःची नोंद सापडली की काम संपले, असेही नाही. आपल्या भागाची संपूर्ण यादी उतरवून घ्यावी आणि शेवटची पुरवणी, म्हणजे मूळ यादीनंतरची भर, वगळणी व दुरुस्ती, आवर्जून पाहावी. यादीतील प्रत्येक चौकटीत मतदाराचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग असते. वगळलेल्या नावाच्या चौकटीवर तसा आडवा शिक्का उमटलेला असतो आणि कारण एका इंग्रजी अक्षराने दिलेले असते. ‘ई’ म्हणजे मृत्यू, ‘एस’ म्हणजे स्थलांतर, ‘आर’ म्हणजे दुबार नोंद. शेतावर राबणाऱ्या धडधाकट माणसाच्या नावापुढे ‘ई’ दिसले, तर ती चूक त्याच आठवड्यात लेखी कळवली पाहिजे. यादी कन्नडमध्ये असल्यास कन्नड वाचता येणाऱ्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवावे. घरोघरी अशी मुले आहेत आणि हे काम ती आनंदाने करतात.

नावांच्या लिखाणाकडे सीमाभागात विशेष लक्ष द्यावे लागते. ज्ञानेश्वर नावाचा मराठी माणूस शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर इंग्रजीत ‘डी-एन-वाय’ अशी सुरुवात करतो, तर कन्नड नोंदीवरून इंग्रजी नाव तयार होताना तेच ‘जे-एन’ने सुरू होते. संगणकाच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसे ठरू शकतात, आणि पडताळणीच्या वेळी ‘कागदपत्रे जुळत नाहीत’ हा शेरा अशाच नोंदींवर बसतो. अशी तफावत फॉर्म क्रमांक 8 भरून दुरुस्त करून घ्यावी. ज्या कागदावरील नाव कायम ठेवायचे असेल, तोच कागद प्रत्येक ठिकाणी जोडावा.

आता लग्न होऊन आलेल्या सुनांचा प्रश्न पाहू, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त गुंता इथेच होतो. चंदगड, गडहिंग्लज किंवा कागल तालुक्यातील मुलगी निपाणी, खानापूर वा बेळगाव तालुक्यात नांदायला येते. माहेरी तिचे नाव महाराष्ट्राच्या यादीत वडिलांच्या नावासह असते आणि सासरी कोणीतरी तिचा फॉर्म 6 नव्याने भरून टाकतो. अशा रीतीने एका व्यक्तीची दोन राज्यांत दोन नावांनी नोंद होते. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार कोणालाही एकापेक्षा अधिक मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, आणि खोटे प्रतिज्ञापन केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. फॉर्म 6 हा पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे. जिचे नाव आधी कुठेही आहे, तिने स्थलांतरासाठी फॉर्म 8 भरावा आणि जुना ओळखपत्र क्रमांक त्यात नमूद करावा. ‘दोन्हीकडे असू दे, बिघडते काय?’ असे सांगणारे कार्यकर्ते सर्वच पक्षांत भेटतात. त्यांचे ऐकू नये. दुबार नोंद सापडली की संशय त्या बाईवर येतो, कार्यकर्त्यावर येत नाही. शिवाय मराठी मतदार बाहेरून आणले जातात, या आरोपाला आपणच पुरावा पुरवतो.

गोव्यात, पुण्यात किंवा शिनोळीच्या कारखान्यात कामाला असणाऱ्यांनी प्रामाणिकपणे ठरवावे की आपले सामान्य वास्तव्य कुठे आहे. केवळ गावी घर आहे म्हणून तेथे वास्तव्य ठरत नाही, पण काही काळ बाहेर राहिल्याने ते संपतही नाही. त्याच 1950 च्या कायद्याच्या कलम 20 मध्ये या दोन्ही गोष्टी स्पष्ट आहेत. कुटुंब गावी आहे आणि माणूस कामापुरता बाहेर राहून परत येतो, तर गावची नोंद ठेवणे योग्य आहे. मात्र बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी येईल तेव्हा हे सांगणारे कोणीतरी घरात असावे. दाराला कुलूप आणि शेजाऱ्याचे ‘ते इथे नसतात’ एवढे उत्तर, यावरून ‘स्थलांतरित’ असा शेरा बसण्याची वाट मोकळी होते.

कोणी आपल्या नावावर आक्षेप घेतला तर घाबरण्याचे कारण नाही, पण गप्पही बसू नये. नाव वगळण्यासाठीचा फॉर्म 7 भरणारा त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो, आणि आलेल्या अर्जांची यादी मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते. ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे, त्याला नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय ते काढता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने लाल बाबू हुसेन प्रकरणात 1995 मध्ये स्पष्ट केले आहे. सुनावणीला स्वतः जावे, वीजबिल, शिधापत्रिका, पासबुक यांच्या प्रती द्याव्यात आणि पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नये. निकाल विरुद्ध गेला तर 15 दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तेथेही न्याय न मिळाल्यास 30 दिवसांच्या आत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

विशेष सखोल पुनरीक्षणासाठीची तयारी आधीच करून ठेवणे शहाणपणाचे आहे. 27 ऑक्टोबर 2025 रोजी 12 राज्ये व केंद्रशासित प्रदेशांसाठी जाहीर झालेल्या टप्प्यात, 2002 ते 2004 च्या सुमारास झालेल्या मागच्या सखोल पुनरीक्षणाच्या यादीत स्वतःचे किंवा आईवडिलांचे नाव दाखवणे महत्त्वाचे ठरले, आणि ती यादी दुसऱ्या राज्याची असली तरी चालत होती. म्हणजे ज्या सुनेचे माहेर कोल्हापूर जिल्ह्यात आहे, तिने महाराष्ट्राच्या जुन्या यादीतील आईवडिलांच्या नोंदीची प्रत आजच काढून ठेवावी.

मराठी वस्तीतील नावे मुद्दाम उडवली जातात, ही तक्रार प्रत्येक निवडणुकीला कानावर येते. ती खरी असेल तर सिद्ध झाली पाहिजे आणि खोटी असेल तर सोडून दिली पाहिजे. त्यासाठी सभेतील भाषण पुरत नाही. गावातील युवक मंडळाने किंवा महिला मंडळाने एका भागाची जुनी आणि नवी यादी समोरासमोर ठेवून घरोघर फिरावे. आयोगाच्या 2025 च्या निर्णयानुसार एका मतदान केंद्रावर 1,200 पेक्षा जास्त मतदार नसावेत, त्यामुळे हे काम चारपाच जणांच्या आवाक्यातील आहे. कोणते नाव गेले, कारण काय दिले, माणूस प्रत्यक्ष राहतो का, नोटीस मिळाली का, एवढे चार रकाने भरले की तक्रारीला वजन येते. कन्नड भाषक शेजाऱ्याचे नाव गेलेले आढळले तर तेही त्याच तक्त्यात लिहावे. राजकीय पक्षांना प्रत्येक केंद्रासाठी प्रतिनिधी नेमता येतो. आपल्या पक्षाने तो नेमला आहे का, हे कार्यकर्त्यांना तोंडावर विचारावे.

वेळेचे भान मात्र ठेवावे लागते. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या चार तारखांपैकी ज्या तारखेला 18 वर्षे पूर्ण असतील, त्या तारखेच्या आधारे नवीन मतदाराचे नाव नोंदवता येते. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची मुदत उलटली की निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत भर किंवा वगळणी करता येत नाही, म्हणून अर्ज त्याआधी पुरेसे दिवस राखून द्यावा.

मतदानाच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास फिरतो की, यादीत नाव नसले तरी ओळखपत्र दाखवून ‘चॅलेंज व्होट’ मागता येते. हे साफ चूक आहे. दोन रुपये भरून जो आक्षेप घेता येतो, तो उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीने एखाद्या मतदाराच्या ओळखीविषयी घ्यायचा असतो. आपले नाव यादीत आहे, पण आपल्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेला आहे, असे आढळल्यास केंद्राध्यक्षांना ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागावी; ते मत यंत्रावर न देता कागदी मतपत्रिकेवर नोंदवून वेगळ्या लिफाफ्यात ठेवले जाते आणि त्याची नोंद केंद्राध्यक्षांच्या यादीत आपल्या सहीसह होते.