प्लंजरचा स्ट्रोक बदलत नाही: डिझेल पंप शिकतानाचा अनुभव

डिझेल इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा, प्लंजर एका ओळीत असलेला इनलाइन प्रकारचा इंजेक्शन पंप पहिल्यांदा उघडला, तेव्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर प्लंजर, म्हणजे डिझेल ढकलणारा दट्ट्या, अधिक वर जात असेल आणि म्हणून डिझेल जास्त सुटत असेल, अशी माझी ठाम समजूत होती. ती साफ चुकीची निघाली.

प्लंजरला वर ढकलणाऱ्या कॅमचा उठाव ठरलेला असल्याने प्लंजरचा स्ट्रोक, म्हणजे वर-खाली सरकण्याचे अंतर, कायम तेवढाच राहतो. प्लंजर तळाशी असताना बॅरलच्या, म्हणजे तो ज्यात सरकतो त्या नळीच्या, छिद्रांतून डिझेल आत भरते. वर जाताना त्याचा माथा ती छिद्रे झाकतो आणि कोंडलेल्या डिझेलचा दाब झपाट्याने वाढतो. पुढे प्लंजरच्या अंगावरची तिरकी कड छिद्रापाशी पोहोचली, की वरचे डिझेल उभ्या खाचेतून मागे निसटते आणि फवारा तुटतो. ॲक्सिलरेटरमुळे रॅक, म्हणजे प्लंजर फिरवणारी पट्टी, सरकली, की प्लंजर स्वतःभोवती थोडा फिरतो, कडेचा वेगळा भाग छिद्रासमोर येतो आणि फवारा लवकर किंवा उशिरा तुटतो, म्हणजेच डिझेल कमी किंवा जास्त सुटते. इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नरही हीच रॅक हलवतो. इंजिन बंद करताना ती उभी खाचच छिद्रासमोर येते, त्यामुळे दाब तयारच होत नाही. आकृत्या पाहून हे मला समजले नव्हते. एक बाद झालेला प्लंजर बॅरलमध्ये घालून हाताने फिरवला, तेव्हा उलगडले.

प्लंजर आणि बॅरल यांच्यात रिंग किंवा सील नसते, केवळ काही मायक्रॉनची फट असते, आणि तिला वंगण मिळते ते डिझेलचेच. म्हणून डिझेलमधले पाणी व कचरा पंपाला इतके बाधतात. धुताना मी सगळे प्लंजर एकाच ट्रेमध्ये टाकले होते. प्रत्येक जोडी एकमेकांसाठीच घासून बसवलेली असल्याने अदलाबदल चालत नाही, हे मला त्यानंतर, बरीच बोलणी खाऊन कळले.

प्लंजरच्या वर, इंजेक्टरकडे जाणाऱ्या पाइपच्या सुरुवातीला असलेल्या डिलिव्हरी व्हॉल्व्हकडे नवशिके सहसा दुर्लक्ष करतात. तो बसताना पाइपमधला दाब एकदम उतरवतो. तो झिजला, तर इंजेक्टरच्या टोकाच्या नोझलमधून थेंब गळतात, धूर वाढतो आणि दोष मात्र इंजेक्टरवर जातो.

पाइप सोडल्यावर हवा काढणे अनिवार्य आहे, कारण हवा दबली जाते आणि नोझल उघडण्याइतका दाब साचत नाही. मात्र चालू इंजिनवर गळती बोटाने कधीही शोधू नये, कारण त्या दाबाचा बारीक फवारा त्वचेत घुसतो. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून पाहावे.