देवाच्या नावाचा अर्थ समजून घेताना या चुका टाळा

गुरुवार पेठेतलं पंचहौदचं देऊळ, म्हणजे तिथलं चर्च, सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. 1885 पासून उभ्या असलेल्या या देवळाचं नाव आहे ‘पवित्र नाम देवालय’. पण हे पवित्र नाम म्हणजे नेमकं कोणतं, असं विचारलं तर आपल्यातले बरेच जण गोंधळतात.

आमच्या घरी शुक्रवारी बायबल अभ्यासाला दहा-बारा जण जमतात. मागे एकदा एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, “काका, ‘यहोवा’ म्हणायचं की ‘याहवे’? उच्चार चुकला तर प्रार्थना पोचत नाही, असं मोबाईलवर ऐकलं.” ती खरोखर घाबरली होती. ही भीती कुणाच्याही मनात राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

पहिली चूक हीच: नावाचा अर्थ सोडून उच्चाराच्या मागे लागणं. हिब्रू शास्त्रात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात, देवाचं हे नाव योद, हे, वाव, हे या चार अक्षरांत सुमारे 6,800 वेळा येतं. जुन्या हिब्रूत स्वरचिन्हं नव्हती, म्हणजे आपल्या भाषेत काना-मात्रा नाहीत. शिवाय आदरापोटी यहुदी लोकांनी हे नाव उच्चारणंच थांबवलं. तिथे ते ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, असं वाचू लागले. आपल्याला हे कळायला अवघड नाही. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव घेत नसत, ‘अहो’ म्हणत, आणि नाव घेतलंच तर उखाण्यात. कॅम्पातल्या 1867 च्या लाल देवळात, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग या यहुदी प्रार्थनामंदिरात, किंवा रास्ता पेठेतल्या बेने इस्राएलांच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेत ही चार अक्षरं आली की आजही ‘अदोनाय’च म्हटलं जातं.

पुढे साधारण सहाव्या ते दहाव्या शतकांत मॅसोरेट पंडितांनी, म्हणजे हिब्रू शास्त्राचा पाठ जपणाऱ्या यहुदी विद्वानांनी, शास्त्रात स्वरचिन्हं घातली, तेव्हा वाचणाऱ्याला आठवण राहावी म्हणून या चार अक्षरांना ‘अदोनाय’चे स्वर दिले. नंतरच्या ख्रिस्ती वाचकांनी दोन्ही एकत्र वाचलं आणि ‘यहोवा’ तयार झालं. ‘याहवे’ हा अभ्यासकांचा अंदाज; जुन्या ग्रीक ख्रिस्ती लेखकांच्या नोंदींमुळे तो भक्कम आहे, तरी अंदाजच. नव्या करारात तर या नावाच्या जागी सरळ ‘कुरिऑस’, म्हणजे प्रभू, असा ग्रीक शब्द येतो. नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाची प्रार्थना त्यामुळे अडली नाही. कॅथलिक चर्चने 2008 मध्ये उपासनेत ‘याहवे’ असा उच्चार करू नये, अशी सूचना दिली, तीही याच जुन्या आदराला धरून.

दुसरी चूक मराठी बायबल वाचताना होते. ‘देव’, ‘प्रभू’ आणि ‘परमेश्वर’ हे तिन्ही शब्द आपण एकच समजून पुढे जातो. जुन्या करारात चार अक्षरांच्या नावासाठी ‘परमेश्वर’, एलोहीम या देवासाठीच्या सर्वसाधारण हिब्रू शब्दासाठी ‘देव’ आणि अदोनायसाठी ‘प्रभू’ अशी सर्वसाधारण वाटणी आहे. स्तोत्र 110 उघडा: परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणतो. फरक लक्षात नसेल, तर कोण कुणाला बोलतोय तेच कळत नाही. मी पेन्सिलने ‘परमेश्वर’ शब्दाखाली रेघ मारतो.

आता खुद्द अर्थ. बायबलच्या निर्गम या पुस्तकात जळत्या झुडपापाशी मोशे देवाला त्याचं नाव विचारतो आणि उत्तर मिळतं, “मी आहे तो मी आहे.” ऐकताना वाटतं, देवाने उत्तर टाळलं. तसं वाटलं तर निर्गम 3:14 वरून दोन ओव्या मागे जा. बाराव्या ओवीत, “मी तुझ्याबरोबर असेन,” असं देव म्हणतो आणि तिथेही हिब्रू शब्द तोच आहे, ‘एह्येह’. या रूपात ‘आहे’ आणि ‘असेन’ दोन्ही मावतं. माझ्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री थोरला भाऊ कॉटच्या लोखंडी दांड्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला, “मी आहे ना.” तो स्वतःच्या अस्तित्वाची माहिती देत नव्हता. निर्गमातलं ‘मी आहे’ मला त्या रात्रीपासून समजू लागलं.

पण म्हणून तत्त्वज्ञांचा अर्थ टाकून देऊ नका. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने ‘जो आहे’ हे देवाला सर्वांत साजेसं नाव मानलं, कारण बाकी सगळ्यांचं असणं उसनं आहे, त्याचं स्वतःचं. झुडूप जळतं पण भस्म होत नाही; त्या आगीला सरपण लागत नाही. जो कुणावर अवलंबून नाही, त्याच्याच ‘मी आहे ना’वर पूर्ण भार टाकता येतो. मात्र याला ‘अहं ब्रह्मास्मि’शी जोडू नका. तो विचार थोर आहे, पण वेगळा. इथे बोलणारा आणि ऐकणारा हे दोघे वेगळेच राहतात; मोशे जोडे काढून उभा आहे.

नाव म्हणजे मंत्र नव्हे, हेही ध्यानात ठेवा. नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये स्किवा नावाच्या यहुदी याजकाचे सात मुलगे येशूचं नाव वापरून भुतं काढायला जातात आणि उघडेनागडे, घायाळ होऊन पळतात.

आणि जुन्या करारापाशीच थांबू नका. ‘येशू’ या नावाचाच अर्थ ‘याहवे तारतो’. पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सर्व नावांहून श्रेष्ठ नाव येतं आणि प्रत्येक गुडघा टेकतो. जुन्या करारातल्या यशया 45 मध्ये हे गुडघे परमेश्वरापुढे टेकतात. पौल ते येशूपुढे टेकवतो. “अब्राहाम होण्यापूर्वी मी आहे,” असं येशू म्हणाला तेव्हा लोकांनी दगड उचलले, कारण त्यांना अर्थ नेमका कळला होता. बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने होतो, पण तिथे ‘नाव’ एकवचनी आहे. पंचहौदच्या देवळाचं नाव मी आता या सगळ्यासकट वाचतो.

त्या मुलीला मी निर्गम 34:6 मोठ्याने वाचायला सांगितलं. तिथे देव स्वतःच आपलं नाव पुकारतो आणि त्याचा अर्थही सांगतो. “परमेश्वर, परमेश्वर, दयाळू व कृपाळू देव, मंदक्रोध...” ती अडखळली. “मंदक्रोध म्हणजे?” “लवकर न रागावणारा,” मी म्हणालो. तिने ती ओवी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.