फाउंड्रीत जाऊन कार्बनचा हिशेब कसा काढावा

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा) अहवाल सक्तीचा केला. त्या कंपन्या पुरवठादारांकडे आकडे मागू लागल्या, म्हणून कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीलाही (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यालाही) आता कास्टिंगसोबत, म्हणजे ओतीव भागांसोबत, कार्बन उत्सर्जनाचा हिशेब द्यावा लागतो. सस्टेनेबिलिटीचं काम करणारा माणूस येतो, मीटिंग रूममध्ये चहा होतो, भरलेली एक्सेल हातात पडते. ती बहुधा अकाउंट्सने नुसत्या बिलांवरून भरलेली असते. खरे आकडे इलेक्ट्रिशियनच्या लॉगबुकात, भट्टीवरच्या हीट रजिस्टरात (प्रत्येक खेपेच्या नोंदवहीत) आणि स्टोअरमध्ये असतात. त्यासाठी दोन दिवस ठेवा, आणि मीटिंग दुसऱ्या दिवशी दुपारी घ्या.

निघण्याआधी साप्ताहिक सुट्टीचा वार विचारा. तो रविवारच असेल असं धरू नका. भोसरी-पिंपरी भागात कितीतरी कारखाने गुरुवारी बंद असतात. 12 महिन्यांची वीजबिलं आधीच मागवून घ्या, म्हणजे कोणत्या महिन्यावर प्रश्न विचारायचे ते ठरवून जाता येईल. सेफ्टी शूज स्वतःचे न्या, कारण गेटवर मिळणारे जोड मापाचे नसतात. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे. पॉलिस्टरवर ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. भट्टीत माल टाकत असताना जवळ उभं राहू नका. ओलं भंगार किंवा बंद पोकळ तुकडा आत गेला की धातू उसळतो. फोटोची परवानगी आधी घ्या, कारण पॅटर्न आणि ड्रॉइंग ग्राहकाची असतात.

पहिल्या दिवशी सकाळी थेट सबस्टेशनवर जा. महाराष्ट्रात एप्रिल 2020 पासून एचटी (उच्चदाब) ग्राहकांना केव्हीएएच युनिटांवर बिल येतं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: बिलातला मोठा आकडा उचलला जातो आणि तो केव्हीएएच निघतो. उत्सर्जनासाठी केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली युनिटं हवीत. पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) 0.98 असेल तर फरक दोन टक्क्यांचा, पण 0.90 असेल तर अकरा टक्क्यांचा. आतल्या सबमीटरचं वाचन घेताना मल्टिप्लाइंग फॅक्टर (वाचनाला ज्याने गुणायचं तो आकडा) विचारायलाच हवा. सीटी (मीटरला जोडलेला करंट ट्रान्सफॉर्मर) बदलली आणि फॅक्टर जुनाच राहिला, असं होत असतं, आणि मग भट्टीची वीज अचानक निम्मी झालेली दिसते.

छतावर सोलर असेल तर बिलात फक्त ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली युनिटं दिसतात. कारखान्याने स्वतः वापरलेली सोलर वीज त्यात नसते. इन्व्हर्टरवरचं एकूण उत्पादन घ्या आणि त्यातून एक्सपोर्ट वजा करा. ग्रिडच्या युनिटांना केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा त्याच आर्थिक वर्षाचा आकडा लावा. 2023-24 साठी देशाची सरासरी युनिटमागे 0.727 किलो कार्बन डायऑक्साइड आहे.

आता भट्टी. लोखंड वितळवून 1500 अंशांपर्यंत न्यायला टनामागे 380-390 युनिटं लागतातच, त्याखाली भौतिकशास्त्र जाऊ देत नाही. प्रत्यक्षात इंडक्शन भट्टी 550 ते 650 खाते. तुमचा भागाकार 350 आला तर मीटर चुकलाय किंवा टनेज. उलट तो हजाराच्या आसपास आला तर टनेजच चुकण्याची शक्यता जास्त, कारण वितळलेला धातू आणि गेटबाहेर गेलेलं चांगलं कास्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रनर, रायझर (साच्यातल्या वाटांत गोठलेला धातू) आणि रिजेक्शन परत भट्टीत जातं. डिस्पॅचचं वजन वितळलेल्या धातूच्या 55-65 टक्केच असू शकतं. हीट रजिस्टरवरून वितळलेलं वजन घ्या, वजनकाट्याच्या पावत्यांवरून गेलेलं, आणि दोन्ही वेगळे लिहा. ग्राहकाला 'टनामागे उत्सर्जन' देताना कोणता टन धरलाय ते शेजारीच नमूद करा.

दुपारी स्टोअर. बिल खरेदी सांगतं. वापरासाठी सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा. डिझेल लिटरमागे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड, एलपीजी किलोमागे सुमारे 3. क्युपोला (कोकवर चालणारी भट्टी) असेल तर कोकलाही किलोमागे सुमारे 3. डिझेलचा ताळा डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) लॉगबुकाशी घाला: लिटरला 3 ते 3.5 युनिटं यायला हवीत. दोनच दिसली तर बाकीचं डिझेल फोर्कलिफ्टमध्ये गेलंय का ते विचारा.

दोन गोष्टी हमखास सुटतात. पहिली, कोअर शॉप, म्हणजे कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे बनवतात ती जागा. सिलिकेट-सीओटू पद्धतीचे (वायू सोडून कडक केलेले) कोअर असतील तर तिथले सिलिंडर म्हणजे सरळ कार्बन डायऑक्साइड. किती सिलिंडर रिकामे परत गेले ते गेटपासवरून मोजा. दुसरी, एसीचा गॅस. आर-410ए चा एक किलो गळाला की सातशे लिटरहून जास्त डिझेल जाळल्याइतका परिणाम होतो. सर्व्हिसवाल्याच्या बिलावर मात्र 'गॅस चार्जिंग, 1 नग' एवढंच असतं. अशा वेळी आउटडोअर युनिटच्या प्लेटवर छापलेलं गॅसचं वजन वरची मर्यादा म्हणून धरा आणि तसं लिहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागदांचा ताळा घाला. प्रदूषण नियंत्रण मंडळाला 30 सप्टेंबरपर्यंत जाणारं पर्यावरण विवरणपत्र आणि 30 जूनपर्यंतचं घातक कचऱ्याचं फॉर्म 4 मागून घ्या. त्यातलं उत्पादन आणि वापरलेल्या तेलाचे आकडे तुमच्या आकड्यांशी जुळायला हवेत. उत्पादन मंडळाच्या संमतीपत्रातल्या मर्यादेपेक्षा जास्त दिसलं तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलू नका, आधी प्लांट हेडला एकट्याला दाखवा. टाकाऊ वाळू कुठे जाते ते ट्रॅक्टरवाल्यालाच विचारा. ऑफिसात उत्तर 'भरावाला' एवढंच मिळतं.

मीटिंगमध्ये एकेक आकडा वाचून दाखवा आणि देणाऱ्या विभागाची सही घ्या. जो आकडा मिळाला नाही तो रकाना मोकळा सोडा. तिथे शून्य टाकलं तर पुढच्या वर्षी उत्सर्जन वाढलं असं दिसेल आणि त्याचा जाब कारखान्याला द्यावा लागेल.

तुमचा स्वतःचा प्रवासही तुमच्या कंपनीच्या स्कोप 3 मध्ये (अप्रत्यक्ष उत्सर्जनात), सहाव्या म्हणजे व्यावसायिक प्रवासाच्या वर्गात मोडतो. पुणे-कोल्हापूर जाऊन-येऊन सुमारे 460 किलोमीटर. डिझेल गाडी लिटरला 16 देत असेल तर 29 लिटर, म्हणजे सुमारे 77 किलो. दोघं-तिघं एका गाडीत असतील तर तेवढाच आकडा वाटला जातो. मुंबईहून जायचं तर महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघून सकाळी कोल्हापुरात पोचवते, हॉटेलची एक रात्रही वाचते. परतीच्या गाडीत झोपण्याआधी सबमीटरचे फोटो आणि नोंदी जुळवून ठेवा; आठवड्याने कोणता मीटर कोणत्या भट्टीचा हे फोटोवरून कळत नाही.