पीजीएफप्लॉट्स: टॅनच्या आलेखातल्या नको असलेल्या उभ्या रेषा

लक्षण: पीजीएफप्लॉट्समध्ये (लाटेक या दस्तऐवज-मांडणी प्रणालीतलं आलेख काढायचं पॅकेज) टॅन(एक्स) या त्रिकोणमितीय फलाचा आलेख, डोमेन (एक्सचा पल्ला) -4:4, ±1.57 पाशी वरून खाली जाणारी उभी रेघ. सॅम्पल्स (मोजल्या जाणाऱ्या बिंदूंची संख्या) वाढवून ती फक्त अधिक ताठ झाली, वायमिन-वायमॅक्सने (चौकटीची खालची-वरची मर्यादा) नुसती कापली गेली, स्मूथने वळणंही बिघडली. वैताग!

कारण: अनंतस्पर्शीच्या (±1.57 पाशी वक्र जिच्याजवळ अनंताकडे जातो ती रेषा) दोन्ही बाजूंचे बिंदू पीजीएफप्लॉट्स सरळ जोडतं.

चाललेला क्रम: अॅक्सिसच्या पर्यायांत वायमिन=-5, वायमॅक्स=5; मग ‘रिस्ट्रिक्ट वाय टू डोमेन=-20:20’ (या मर्यादेबाहेरचे बिंदू वगळतं); लगेच ‘अनबाउंडेड कोऑर्ड्स=जंप’ (वगळलेल्या जागी रेघ तोडतं). हे ‘जंप’ विसरलात तर वगळलेल्या जागेवरून रेघ पुन्हा जोडली जाते, कारण डिफॉल्ट ‘डिस्कार्ड’ आहे. शेवटी सॅम्पल्स=201 आणि टॅन(डेग(एक्स)), कारण कोन अंशांत मोजला जातो.

रिस्ट्रिक्टची मर्यादा -5:5 ठेवू नका, वक्र चौकटीआधीच तुटतो. रिस्ट्रिक्टचं तारांकित (* लावलेलं) रूपही नको. ते बिंदू वगळत नाही, मर्यादेवर आणून बसवतं.