निवडणूक याचिकेतला ‘भ्रष्ट’ हा शब्द: नव्या वकिलांसाठी

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी विधानसभेची एक निवडणूक याचिका, म्हणजे निवडून आलेल्याची निवड रद्द करा अशी न्यायालयाकडे मागणी, लिहायला घेतली. पक्षकाराने गावोगाव फिरून केलेली टिपणं आणून दिली. बहुतेक पानांवर पैसेवाटप. एका पानावर मात्र जीपचा नंबर, वाडीचं नाव आणि ‘सकाळी साडेआठ, सात म्हातारी माणसं केंद्रावर सोडली’ एवढंच. पैशाचे आरोप मी बारकाईने मांडले आणि ते पान बाजूला ठेवलं. म्हाताऱ्यांना गाडीतून नेलं, यात कसला आलाय भ्रष्टाचार?

तिथेच घात झाला. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात आपण लोकसेवकाची लाच शोधतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ मधलं ‘भ्रष्ट आचरण’ ही मात्र ठरलेली यादी आहे. लाच तिच्यात आहेच. पण धर्माच्या नावावर मत मागणं आहे, सरकारी नोकराची मदत घेणं आहे आणि मतदारांच्या फुकट ने-आणीसाठी गाडी मिळवणंही आहे. गाडीचं भाडं दिलं की नाही, हा प्रश्नच नाही. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द केली, ती सरकारी नोकरांच्या मदतीवरून. पैसे खाल्ल्याचा ठपका त्यात कुठेच नव्हता. (तो निकाल पुढे सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही.)

चूक कळेपर्यंत याचिका दाखल करण्याची मुदत, निकालानंतरचे ४५ दिवस, उलटून गेली होती. त्याच अधिनियमाचं कलम ८६(५) नीट वाचा, दोनदा वाचा. याचिकेत आधीच असलेल्या आरोपाचा तपशील न्यायालयाच्या परवानगीने वाढवता येतो. जो आरोप केलेलाच नाही, तो मागून घुसवता येत नाही. “मॅडम, नंबर तर दिला होता ना मी?” पक्षकार एवढंच म्हणाले. मला उत्तर देता आलं नाही.

जुन्या याचिकेचा नमुना उचलून नावं बदलायला सांगणारे सीनियर भेटतील. ऐकू नका. तो नमुना दुसऱ्याच्या टिपणांवर बेतलेला असतो.

घाबरूही नका, यादी लहान आहे. कलम १२३ उघडं ठेवून पक्षकाराचं प्रत्येक पान एकेका पोटकलमाशी ताडून पाहा, दोन संध्याकाळी पुरतात. काम उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने स्वतः केलेलं नसेल, तर त्यांची संमती होती हे कशावरून, तेही त्याच परिच्छेदात लिहा. आणि भ्रष्ट आचरणाच्या आरोपांसोबत द्यायचं, नियमांतल्या नमुना २५ मधलं शपथपत्र जोडा.